मुरूम उकरलेल्या उतारावर गवत : माझा अनुभव

सासवडजवळच्या आमच्या उतारावरचा मुरूम कोणीतरी रस्त्यासाठी उकरून नेला आणि मागे उरलं ते लाल टक्कल. पहिल्या वर्षी जूनमध्ये पवना आणि डोंगरी या चाऱ्याच्या गवतांचं बी नुसतं हाताने फेकलं. निम्मं पावसाच्या पहिल्याच सरीत ओढ्याला लागलं, उरलेलं मुंग्यांनी नेलं. वर आलं फक्त गाजर गवत, तेही जोमाने!

चूक बियांची नव्हती. मुरमाचा वरचा थर रोलर फिरवल्यासारखा घट्ट, त्यात मुळी शिरणार कुठे? शिवाय या बियांना कुसं, म्हणजे लांब ताठ केस, असतात. ती एकमेकांत अडकतात, वाऱ्यावर उडतात, मातीला टेकतच नाहीत.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात कुदळीने उताराला आडवे, वीतभर खोल चर काढले. बी आदल्या दिवाळीच्या सुमारास शेजारच्या माळावरून झोडून आणलेलं, पोत्यात सुकं ठेवलेलं. ताजं बी लगेच पेरू नका, ते झोपलेलं असतं. माती, कुजलेलं शेण आणि बी कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या केल्या, सावलीत वाळवल्या आणि चराच्या मातीत जेमतेम झाकल्या. खोल पुरलं की संपलं. चराच्या कडेने मारवेल गवताचे मुळांसकट ठोंब लावले, भीज पाऊस लागल्यावर. मारवेलच्या कांड्यांना मुळं फुटतात, त्यामुळे माती तिनेच आधी धरली.

गाजर गवत फुलायच्या आत उपटलं (हातमोजे घालूनच, खाज सुटते). शेळ्या वर्षभर बाहेर ठेवल्या. त्यावरून घरात झालेली भांडणं वेगळीच. यंदा पवन्याची कापणी केली, पण खालच्या कोपऱ्यात अजून टक्कल आहे.