बाळाचा पाय मोडून आला की आधी काय विचारायचं

पुण्यात ऑर्थोची रेसिडेन्सी नुकतीच सुरू केली असेल, तर प्लास्टर घालायला तुम्ही लवकरच शिकाल. पण तान्हं बाळ पाय मोडून आलं की एक्स-रेची फिल्म बघायच्या आधी विचारा: हे मूल चालतं का?

चालणाऱ्या दीड-दोन वर्षांच्या पोरीच्या नडगीत तिरपी, न सरकलेली रेघ दिसली, तर ते बहुतेकदा टॉडलर्स फ्रॅक्चर. खेळता खेळता पाय पिळवटतो, कुणी पाहिलेलंही नसतं. आपल्याकडे दुचाकीच्या चाकात पाय अडकूनही मुलं येतात. पण अजून पालथंही न पडणाऱ्या बाळाची मांडी मोडली आणि ‘पलंगावरून पडलं’ एवढंच कानावर आलं, तर थांबा: मारहाण तर नाही ना? कुणी ठेवलं होतं, किती उंचीवर, खाली फरशी की सतरंजी, लगेच रडलं का, आणायला उशीर का झाला? आईला आणि आजीला वेगवेगळं विचारा. ‘मालीशवालीनं पाय ओढला’ हे हसण्यावारी नेऊ नका, लगेच मान्यही करू नका. कसा ओढला ते गुंडाळलेल्या चादरीवर दाखवायला सांगा.

‘स्पायरल (पिळासारखी रेघ असलेलं फ्रॅक्चर) म्हणजे मारहाण’ हे वॉर्डातलं जुनं वाक्य विसरा. हाड पिळलं गेलं एवढंच त्यातून कळतं. माझ्या मते जास्त वजन द्यावं ते मेटाफिसिसच्या (लांब हाडाच्या टोकाजवळच्या भागाच्या) कोपऱ्याच्या तुटलेल्या तुकड्याला, मागच्या बाजूला मोडलेल्या बरगड्यांना आणि वेगवेगळ्या वयाच्या फ्रॅक्चरना. शंका असेल आणि वय दोन वर्षांच्या आत असेल, तर पूर्ण स्केलेटल सर्व्हे (सगळ्या हाडांचे वेगवेगळे एक्स-रे) करा. सगळं बाळ एकाच फिल्मवर चालणार नाही. साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा करा, तेव्हा कॅलस (हाड जुळताना तयार होणारं नवं हाड) आल्यामुळे आधी न दिसलेल्या मोडलेल्या बरगड्या दिसतात. हाडं मुळातच कमकुवत नाहीत ना हे कळायला रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, व्हिटॅमिन डी पाठवा, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर आहे का बघा. मुडदूस सापडला म्हणून मारहाणीची शंका आपोआप मिटत नाही.

कुटुंबावर आरोप करणं आपलं काम नव्हे. बाळाला ॲडमिट करा, पेडियाट्रिक्सला आणि सिनियरला कळवा, एमएलसी (मेडिको-लीगल केसची नोंद) करा. बालकल्याण समिती आणि 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन याचसाठी आहेत. ‘पॉक्सो’ कायदा (2012) मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी. मुलावरच्या क्रूरतेला बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 75 आहे. केसपेपरवर पालकांचे शब्द जसेच्या तसे, वेळेसह लिहा.

आणि स्पायका (कमरेपासून पायापर्यंतचं प्लास्टर) चढवण्याआधी बाळाचे सगळे कपडे काढून कान, मान, पाठ, ढुंगण नीट बघा, खुणांची नोंद करा, संमती घेऊन फोटो काढा. प्लास्टर चढलं की कमरेखालचं कित्येक आठवडे काही दिसणार नाही.