बुरशीच्या सोबतीने आमरीची रोपे

आमरीचे (ऑर्किडचे) बी धुळीइतके बारीक असते आणि त्यात अंकुराला पुरेल एवढा अन्नसाठाच नसतो, त्यामुळे रानात योग्य बुरशीने आत शिरून त्याला पोसल्याखेरीज ते रुजत नाही. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी हे १८९९ मध्ये ओळखले. पुढे १९२२ मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी साखरेच्या माध्यमावर बुरशीविना बी रुजवून दाखवले. विक्रीच्या रोपांना ती रीत सोयीची आहे. पण रोप परत रानात लावायचे असेल, तर त्याची बुरशीशी गाठ प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतच पडलेली बरी.

हबेनेरिया पांचगणीएन्सिससारख्या आमरीच्या दुर्मीळ जातीवर पहिला प्रयोग करू नये. आधी आषाढ आमरीवर सराव करावा. दोन्हींसाठी वनखात्याची लेखी परवानगी हवी. बुरशी मिळवण्यासाठी कंद उपटण्याचे कारण नाही, कारण बुरशी सहसा कंदात नव्हे तर मुळांत असते, आणि एखाद्या मुळाचा छोटा तुकडा पुरतो. बोंड पिवळसर झाल्यावर, उकलण्याआधी, कागदी पाकिटात घ्यावे (प्लॅस्टिकमध्ये ते कुजते), आणि बी सिलिका जेलवर (ओल शोषणाऱ्या खड्यांवर) सुकवून ४ अंश सेल्सिअसला ठेवावे.

खरी कसोटी बुरशी वेगळी करण्यात आहे. मूळ धुऊन, वरून निर्जंतुक करून त्याचा पातळ काप निर्जंतुक पाण्याच्या थेंबात सुईने उसवला, की सूक्ष्मदर्शकाखाली पेशींतून बुरशीचे सुताच्या गुंत्यासारखे पिवळसर गोळे बाहेर पडताना दिसतात. ते दोन-तीनदा धुऊन स्ट्रेप्टोमायसिन (जिवाणूंना रोखणारे प्रतिजैविक) घातलेल्या बटाटा-डेक्स्ट्रोज अगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर, ठेवावेत आणि तंतू फुटताच त्याचे टोक नव्या बशीत हलवावे. काटकोनात फुटणारी आणि फुटण्याच्या जागी किंचित आवळलेली तंतूची फांदी दिसली, तर बुरशी बहुधा हवी तीच आहे. हिरवी पूड धरणारी बशी मात्र बिनदिक्कत टाकून द्यावी.

पेरणीच्या माध्यमासाठी एक लिटर पाण्यात २.५ ग्रॅम ओटचे पीठ आणि ८ ग्रॅम अगर घालून ते १२१ अंशांवर २० मिनिटे निर्जंतुक करावे. पीठ सढळ हाताने घालण्याचा मोह आवरावा, कारण खाणे फार झाले की बुरशी माजते आणि बियांनाच खाऊन टाकते. अल्कोहोल आणि सुमारे ५ टक्के हायपोक्लोराइटचे ब्लीच प्रत्येकी ५ मिली, पाणी ९० मिली, या द्रावणात बी मिनिटभर हलवून धुवावे, माध्यमावरच्या गाळणकागदाच्या पट्टीवर पसरावे, शेजारी बुरशीचा तुकडा ठेवावा आणि बशी अंधारात २५ अंशांच्या आसपास ठेवावी. बुरशीविना एक बशी तुलनेसाठी हवीच.

काही आठवड्यांत बी फुगून भोवऱ्यासारखा पांढरा गोळा होतो आणि त्यावर केस येतात. पहिले पान दिसल्यावर बशी उजेडात आणावी. रोपे पावसाच्या तोंडावर कुंडीत हलवावीत. पाऊस सरल्यावर पान पिवळे पडून गळते, तेव्हा रोप मेले असे समजून कुंडी रिकामी करू नये: कंद खाली झोपलेला असतो, आणि पुढच्या पावसापर्यंत त्याला पाणी घालायचे नसते.