कॉर्न स्नेकच्या टँकमधला ओलावा: या चुका टाळा

थंडी सुरू झाली की मला सापांचे फोटो यायला लागतात. कुणाच्या कॉर्न स्नेकची कात फाटून तुकड्यातुकड्यांनी निघालेली असते, कुणाच्या शेपटीवर जुन्या कातेचं कडं अडकलेलं असतं. सोबतचं वाक्य ठरलेलं: "ताई, दिवसातून तीनदा टँकमध्ये पाण्याचा फवारा मारतोय, तरी असं का?" हवा कोरडी असली की कात अशी अडकते. मी शिकागोजवळ राहते. इथल्या मराठी घरांतही आता मुलांच्या हट्टापायी हा साप येतो. स्वभावाने गरीब, हाताळायला सोपा, नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगणारा. दुकानदार 'नवशिक्यांसाठी उत्तम' म्हणून विकतात आणि घेणारे त्याचा अर्थ 'काही बघावं लागत नाही' असा घेतात. बघावं लागतं.

मूळ हा साप अमेरिकेच्या आग्नेय भागातला: फ्लोरिडा, जॉर्जिया, दोन्ही कॅरोलायना. तिथली हवा दमट, पण साप काही दिवसभर ओल्यात पडून नसतो. झाडाच्या सालीखाली, कुजक्या ओंडक्यात, उंदरांच्या बिळात शिरतो. तिथे ओल असते, वर आला की अंग कोरडं राहतं. टँकमध्ये आपल्याला हेच जमवायचं आहे. एरवी ४० ते ६० टक्के आर्द्रता, कात टाकायच्या दिवसांत ६० ते ७०. आकडे सोपे आहेत. घोटाळा होतो तो मोजण्यात आणि घाईत.

काट्याचा मीटर

टँकबरोबर जो गोल, काट्याचा, काचेला चिकटवायचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर, येतो, तो काढून टाका. माझ्या मनाला सगळ्यात लागलेली गोष्ट याच मीटरची आहे. पुण्याहून इकडे आलेलं एक कुटुंब, आठवीतला मुलगा, त्याचा नारिंगी रंगाचा तरुण साप. जानेवारीत ते साप घेऊन माझ्याकडे आले तेव्हा त्याचे दोन्ही डोळे धुरकट होते. कात टाकून आठवडा झाला होता, म्हणजे डोळे स्वच्छ असायला हवे होते. निरखून पाहिलं तर डोळ्यांवरच्या कातेच्या टोप्या निघालेल्याच नव्हत्या. शेपटीच्या टोकाला मागच्या दोन-तीन कातांची कडी एकावर एक बसली होती आणि त्यांच्या आवळण्याने रक्त पोचेनासं होऊन टोक काळं पडलं होतं. मुलगा सांगत होता, "पण मावशी, मीटर कायम ५५ दाखवतो." त्यांच्या घरी जाऊन माझा डिजिटल मीटर तासभर त्याच टँकमध्ये ठेवला. आकडा आला २३. काट्याचा मीटर पाण्याच्या भांड्याच्या बरोबर वर चिकटवला होता, आणि तिथून काढून टेबलावर ठेवला तरी काटा ५५ सोडेना. पोरगं रडवेलं झालं. त्याने सांगितलेलं सगळं मन लावून केलं होतं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी डोळे वाचवले, शेपटीचं टोक मात्र गेलं.

म्हणून डिजिटल मीटर घ्या, वायरच्या टोकाला सेन्सर असलेला, आणि शक्यतो दोन: एक गार बाजूला, एक उबदार बाजूला. सेन्सर पाण्याच्या भांड्याशेजारी नको, उबेसाठी लावलेल्या दिव्याखालीही नको. नवा मीटर मिठावर पारखून घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ते ओलसर करायचं, विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मीटर घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून घरातल्या तापमानाला रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले तर तुमचा मीटर ५ ने कमी सांगतो, तेवढे मिळवून वाचा. दिवाळीनंतर घरातला हीटर सुरू झाला की मी दरवर्षी सगळे मीटर असे तपासते.

फवाऱ्यावर सगळी भिस्त

फवारा मारला की काचेवर थेंब दिसतात, आकडा ८० वर जातो, बघणाऱ्याचं समाधान होतं. जाळीचं झाकण असेल तर तासाभरात ती सगळी वाफ वरून निघून जाते. हिवाळ्यात तर घरातली हवाच तहानलेली असते. बाहेरची उणे १० अंशांची हवा आत येऊन २१ अंशांना तापली की तिची सापेक्ष आर्द्रता दहा-बारा टक्क्यांवर येते. आपलं आंघोळपाणी, स्वयंपाक यांची वाफ मिळून घरात वीस-पंचवीस टक्के राहतात. अशा घरात फवाऱ्याचे चार शिडकावे काय पुरणार?

ओलावा हवेत उडवायचा नसतो, खालच्या थरात साठवायचा असतो. मी सायप्रसच्या सालीचा किंवा नारळाच्या काथ्याचा किमान तीन इंचांचा थर घालते. पाणी चारही कोपऱ्यांत हळूहळू ओतते, म्हणजे ते तळाशी जातं आणि वरचा भाग, जिथे सापाचं पोट टेकतं, तो कोरडा राहतो. तळाचा मूठभर थर हातात घेऊन पिळला तर पाणी टपकता कामा नये. जाळीच्या झाकणाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग फॉइलने झाकते, दिव्याखालची आणि आजूबाजूची जागा मोकळी सोडून. आणि मग दोन दिवस हात लावत नाही.

हे दोन दिवसच नवशिक्यांना झेपत नाहीत. संध्याकाळपर्यंत आकडा हलला नाही की आणखी एक तांब्या, दुसऱ्या दिवशी आणखी एक, तिसऱ्या दिवशी धुकं सोडणारं यंत्र मागवलेलं. कॉर्न स्नेकला त्या यंत्राची गरज नाही. यंत्राची पाण्याची टाकी रोज घासून धुतली नाही तर साठलेल्या पाण्यातले जंतू त्याच धुक्यातून सापाच्या फुप्फुसात जातात. रोज धुणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दोन मीटरचे आकडे वेगळे आले म्हणूनही लोक घाबरतात. गार बाजूला २२ अंशांना ६० टक्के असलेली हवा उबदार बाजूला ३१ अंशांना तापली की तिथे ३५ च्या आसपास दिसते. हवेतलं पाणी तेवढंच असतं. मी गार बाजूच्या आकड्यावर चालते.

ओला डबा न ठेवणं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. दह्याचा मोठा रिकामा डबा घ्या, साप सहज जाईल एवढं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा, आत पिळून घेतलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरा. टँकच्या मध्यावर ठेवा. साप गरजेप्रमाणे आत-बाहेर करतो. माझ्याकडे हा डबा बारा महिने असतो. मॉस दर आठवड्याला धुऊन घ्या, वास आला तर बदला.

अ‍ॅस्पेनचा लाकडी भुसा थरासाठी कोरडा असेपर्यंत छान, पण त्यावर पाणी ओतलंत तर बुरशी धरते. सीडारचा भुसा कधीच नको, त्यातलं वासाचं तेल सापाला घातक असतं. साप सतत पाण्याच्या भांड्यात बसून राहत असेल तर टँक कोरडा किंवा फार गरम आहे, नाहीतर अंगावर माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, आहेत. पाण्यात काळे ठिपके दिसतात का बघा.

मुंबईत उलटं

भारतातल्या वाचकांना आधी एक सांगते: धामण, नाग, अजगर घरात पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि परदेशी जातीचा सापही कागदपत्रं पाहिल्याशिवाय घेऊ नये. जुलैत मुंबई-कोकणात हवेतच ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता असते. तिथे इकडचे व्हिडिओ पाहून फॉइल लावणं, पाणी ओतणं म्हणजे सापाला आजारी पाडणं. हवा खेळती ठेवा, थर कोरडा आणि पातळ ठेवा, ओला झाला की लगेच बदला. दर आठवड्याला पोट पाहा. खवले लालसर, तपकिरी झाले किंवा फोड दिसले तर कातडी कुजायला लागली आहे. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

अडकलेली कात ओढणं

डोळे निळसर झाले की कात जवळ आली. या काळात सापाला उचलू नका. डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर काही दिवसांत कात पडते. पडलेली कात फेकण्याआधी उजेडात धरा: डोक्याच्या भागावर डोळ्यांच्या दोन गोल टोप्या आणि शेवटी शेपटीचं टोक, दोन्ही दिसलं पाहिजे.

नसेल तर चिमटा नको, नखं नकोत, आणि खोबरेल तेलही नको. झाकणाला भोकं असलेल्या डब्यात २८ ते ३० अंशांचं, सापाच्या निम्म्या जाडीपर्यंत येईल एवढंच पाणी घ्या, त्यात साप वीस मिनिटं ठेवा आणि तुम्ही शेजारी बसा. मग ओलसर टॉवेल हातात धरून त्यातून त्याला स्वतःहून सरकू द्या. शेपटीवरचं कडं अशा प्रकारे बहुतेक वेळा निघतं. नाही निघालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. डोळ्यांच्या टोप्यांना हात लावू नका. ओला डबा ठेवा, पुढच्या कातेबरोबर त्या सहसा निघतात. पुढच्या कातेलाही राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा.