सरकारी महामंडळाचे संचालक मंडळ : या चुका टाळा

गोव्यात आमदार ४०, मंत्री जास्तीत जास्त १२. उरलेल्यांपैकी काहींच्या वाट्याला महामंडळाचे अध्यक्षपद येते. अध्यक्ष आमदार आहे एवढ्याने महामंडळ बुडत नाही. निर्णय पर्वरीत, म्हणजे सचिवालयात, आधीच झालेला असतो आणि 'नाही' म्हणायला लागणारे कागद संचालकांच्या हाती नसतात, तेव्हा ते बुडते.

जुन्या हिशेबांवर नवे निर्णय

सर्वांत महाग चूक हीच. मागच्या दोन-तीन वर्षांचे ताळेबंद अपुरे असताना मंडळ नवे कर्ज किंवा नवी इमारत मंजूर करते. तारखा उलट्या मोजा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. तिच्या नोटिशीला २१ पूर्ण दिवस आणि त्याआधी कॅगच्या (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) पूरक तपासणीला ६० दिवस धरले, की मंडळाची मंजुरी आणि लेखापरीक्षकांची सही जुलैच्या पहिल्या आठवड्यातच हवी. काम बहुधा बँक ताळमेळ, मालमत्ता नोंदवही आणि अनुदानाच्या विनियोग प्रमाणपत्रांपाशी अडते. म्हणून प्रत्येक बैठकीत पहिला विषय हाच ठेवा : कोणते वर्ष कुठे अडले, कोणाकडे आणि कधीपर्यंत.

'सरकारी कंपनीला कोण विचारतो' या भ्रमात राहू नका. कंपनी कायद्यातल्या सरकारी कंपन्यांच्या सवलती २०१७ पासून वित्तीय पत्रके आणि वार्षिक विवरणपत्र वेळेवर दाखल करणाऱ्यांनाच मिळतात.

सचिवांऐवजी कनिष्ठ अधिकारी

एकच सचिव अनेक मंडळांवर असतो, म्हणून अवर सचिवाला पाठवून देतो. संचालकाला बैठकीसाठी असा प्रतिनिधी पाठवता येत नाही. आलेला अधिकारी फक्त निमंत्रित. त्याला मत नाही, गणपूर्तीतही (बैठकीला लागणारी किमान हजेरी) तो धरला जात नाही. नऊ जणांच्या मंडळाला किमान तीन संचालक लागतात. निमंत्रित मिळून तीन भरले असतील, तर ठरावाला पुढे आव्हान मिळू शकते. वेळ नसेल तर व्हिडिओवरून हजर राहा, ती हजेरी चालते. वर्षात चार बैठका आणि दोन बैठकांमध्ये १२० दिवसांहून जास्त अंतर नको, हे सर्वांना पाठ असते. तरी मार्चमध्ये घाईघाईने संख्या भरली जाते.

आयत्या वेळचा विषय

निविदा, जमिनीचा भाडेपट्टा, नोकरभरती हे विषय टेबलावर आले की तिथेच थांबवा. टिपणी सात दिवस आधी हवी. तिच्यात पर्याय, खर्च, निधी कुठून येणार आणि वित्त विभागाचे मत असू द्या. 'अध्यक्षांच्या परवानगीने' या दोन शब्दांआड बरेच काही खपते.

तोंडी आदेश

कदंब या सरकारी बस महामंडळाने एखादा तोट्यातला ग्रामीण मार्ग चालवावा, ही मागणी रास्त असू शकते. मंडळ चुकते ते खर्च न मांडण्यात. प्रति किलोमीटर उत्पन्न आणि खर्च यांतला फरक काढा, वर्षाचा आकडा इतिवृत्तात घ्या आणि भरपाईचे पत्र सरकारला पाठवा. असे न केल्यास सामाजिक कामाचा तोटा आणि डेपोतल्या गळतीचा तोटा एकाच खात्यात मिसळतात, आणि व्यवस्थापकाला जाब कशाचा विचारायचा हेच कळत नाही.

गोव्याचे औद्योगिक विकास महामंडळ मात्र स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेले आहे. वरचे कंपनी कायद्याचे वेळापत्रक त्याला लावू नका.

असहमती असेल तर ती बैठकीतच नावानिशी नोंदवायला सांगा. इतिवृत्ताचा मसुदा १५ दिवसांत यायला हवा आणि त्यावरच्या हरकतीला त्यापुढे सात दिवस मिळतात.