दहावा नग दाखवा

टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यातल्या साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात, अठ्ठावीस वर्षं काढल्यावर आता मी शाळकरी मुलांच्या उत्पादन-स्पर्धांना जातो, कधी मार्गदर्शक म्हणून, कधी परीक्षक म्हणून. टेबलावर एकच चकचकीत नग मांडलेला असतो. मी विचारतो, "असाच दुसरा आहे का?" मुलं एकमेकांकडे बघू लागतात.

नावात उत्पादन असलं की एक नग पुरत नाही. म्हणून गुणपत्रिकेचे निकष आधी वाचा आणि कल्पना लहान घ्या: चार-पाच भागांची, तुमच्या हाताशी असलेल्या हत्यारांनी बनणारी. रोबोटचा मोह होतोच, पण महिनाभरात एक रोबोट जेमतेम उभा राहतो. घडीचा पुस्तक-स्टँड दहा वेळा बनवता येतो.

स्टँडचंच उदाहरण घेतो, कारण त्यात मीच एकदा तोंडघशी पडलो. दोन बाजूपट्ट्या, प्रत्येकीला दोन भोकं, त्यांतून ५ मिमीचा गज. पट्ट्या थ्रीडी प्रिंटरवर काढल्या आणि ड्रॉइंगमध्ये भोकही बरोब्बर ५ मिमीचंच दिलं. छापलेलं भोक बहुधा थोडं लहान येतं, हे ठाऊक असूनही मी मुलांना टोकलं नाही. आदल्या रात्री गोल कानस घेऊन सगळे बसले. सकाळी प्रत्येक भोक वेगळ्या मापाचं! एका स्टँडची पट्टी दुसऱ्याला लावली तर गज आत शिरेना. परीक्षकांनी नेमकं तेच करून पाहिलं.

मग काय करायचं? भोक मुद्दाम लहान छापा आणि नंतर ५.२ मिमीच्या ड्रिलने मारून घ्या. पट्ट्या प्लायवुडच्या असतील तर त्याहून सोपं: एक जिग, म्हणजे भोक दरवेळी त्याच जागी पाडून देणारी चौकट, बनवा. जाड पाटीवर एका कडेला दोन पिना, शेजारच्या कडेला एक. जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, तिन्ही पिनांना टेकला की त्याला हलायला जागा नाही. वर जाड लोखंडी पट्टी, तिच्यात योग्य अंतरावर दोन भोकं. ड्रिल त्यांतूनच खाली उतरतं. आता प्रत्येक बाजूपट्टीवर खुणा करत बसायला नको. पिना अगदी कोपऱ्यात मात्र ठोकू नका. तिथे भुसा साचतो, जॉब नीट टेकत नाही आणि माप केसभर सरकतं. (जिग हत्याराला वाट दाखवतो, फिक्स्चर जॉब फक्त धरून ठेवतं. हा फरक विचारला जातो.) ड्रिल मारताना जॉब क्लॅम्पमध्ये, डोळ्यांवर गॉगल आणि हातमोजे काढलेले, फिरत्या ड्रिलमध्ये हातमोजा गुंतला की हातही जातो.

पट्टी उलटी बसू शकत असेल तर कोणीतरी ती उलटी बसवणारच. एक कोपरा छाटून टाका आणि एक पिन अशा जागी द्या की पट्टी सुलटीच बसेल. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६१ साली असंच केलं होतं. एका स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या असत आणि कामगार कधीकधी एक विसरत. शिंगोंनी सांगितलं, आधी दोन्ही स्प्रिंगा छोट्या ताटलीत काढून ठेवा, मगच जोडणीला हात घाला. ताटलीत एक उरली म्हणजे काहीतरी चुकलं. पुढे या युक्तीला पोका-योके (चूक टाळणं) हे नाव मिळालं.

आता दहा नग बनवा. प्रत्येकावर क्रमांक घाला, दोन भोकांमधलं अंतर व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरने) मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. माप एकाच दिशेने वाढत किंवा घटत गेलं तर काहीतरी झिजतंय किंवा सैल झालंय. वेडंवाकडं उडत असेल तर जॉब धरण्यात गफलत आहे. वेळही मोजा, पण कापणं, भोकं, घासणं, जोडणी असं तोडून. बहुतेकदा घासण्यातच निम्मा वेळ जातो आणि सुधारणेची खरी जागा तिथेच सापडते. खर्च काढताना वाया गेलेला माल विसरू नका: दहातले आठच चांगले निघाले, तर एका चांगल्या नगावर सव्वापट मालाचा खर्च पडतो.

"हजार नग कसे बनवाल?" या प्रश्नाला "थ्रीडी प्रिंटरवर" असं उत्तर देऊ नका. प्लास्टिकचा भाग मोल्डिंगने काढायचा तर उभ्या भिंतींना अंशभर तरी उतार हवा, नाहीतर तो साच्यातून सुटत नाही. भिंतींची जाडीही सारखी हवी, नाहीतर जाड जागी खड्डा पडतो. एवढं सांगितलंत तरी पुरे.

पोस्टर, स्लाइड वगैरे शेवटच्या दोन दिवसांत होतात. टेबलावर दहाही नग ट्रेमध्ये मांडा, शेजारी जिग, व्हर्नियर आणि वही. बिघडलेले दोन लपवू नका. त्यांवर लाल खडूने फुली मारा आणि कारण लिहा. परीक्षक आधी तेच उचलतात. निदान मी तरी उचलतो.