पिकअपवर एअर कॉम्प्रेसर कायमस्वरूपी कसा बसवावा

वाळवा-पलूस भागात ऊसतोडीच्या हंगामात पाणंदीतून शेतात उतरणाऱ्या पिकअपवरच हवा भरण्याची सोय असणे फार मोलाचे ठरते. पिकअपला बहुधा १२ व्होल्टचा, तर मोठ्या ट्रकला २४ व्होल्टचा कॉम्प्रेसर लागतो. एअर ब्रेकच्या टाकीतून मात्र परस्पर जोडणी कदापि काढू नये.

कॉम्प्रेसर रबरी बुशांसह चॅसीला घट्ट बसवावा आणि त्याचा फिल्टर चिखल-पाणी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर न्यावा.

खरी काळजी वायरिंगची घ्यावी लागते. बॅटरीपासून निघणाऱ्या जाड वायरवर, बॅटरीच्या अगदी जवळ, उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज बसवावा. मुख्य प्रवाह रिलेमधून (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून) न्यावा आणि डॅशबोर्डवरील स्विच व कॉम्प्रेसरची हवा साठवणाऱ्या टाकीवरील प्रेशर स्विच (दाबानुसार चालू-बंद होणारा स्विच) यांच्याकडे केवळ त्या रिलेचे नियंत्रण ठेवावे. अर्थिंगच्या जागेवरचा रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसल्याशिवाय बोल्ट आवळू नये.

कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा अतिशय तापलेली असते, म्हणून तेथे साधी प्लास्टिकची नळी न लावता धातूच्या जाळीची, उष्णता सोसणारी नळी लावावी आणि टाकीकडे जाताना हवा उलट येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ठेवावा. टाकीच्या कमाल दाबाच्या आत उघडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हवर काटकसर करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

टाकी भरल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले, तर आधी सगळी हवा सोडावी, मग टेफ्लॉन टेप गुंडाळून सांधा पुन्हा आवळावा. टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक पावसाळ्यात वरचेवर उघडून साचलेले पाणी काढून टाकावे.