बंगल बंगलवरचं हेलिकॉप्टर उड्डाण: या चुका टाळा

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली भागातल्या पुर्नुलुलु राष्ट्रीय उद्यानात केशरी-करड्या पट्ट्यांचे वालुकाश्माचे घुमट आहेत. तेच बंगल बंगल. ते वरून बघायला लोक तंबू, शेगडी, पाण्याचे कॅन गाडीत भरून हजारो किलोमीटर येतात आणि उड्डाण बिघडतं ते बहुतेक वेळा जमिनीवरच्या चुकांनी.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पोचायच्या दिवशीच दुपारचं उड्डाण ठरवणं. हायवेपासून उद्यानाचं माहिती केंद्र नकाशावर ५३ किलोमीटर दिसतं, म्हणून माणसं तासाभराचा हिशोब करतात. हा स्प्रिंग क्रीक ट्रॅक आहे. खाचखळगे, पुढचं न दिसणारे चढ, मध्ये मध्ये ओढे. दोन ते तीन तास धराच. कुनुनुरा गावाहून निघालात तर त्याआधी सुमारे २५० किलोमीटर डांबरी रस्ता, आणि हेलिकॉप्टर जिथून उडतं ती बेलबर्नची धावपट्टी केंद्राच्याही पुढे, दक्षिणेला. उशीर होतोय म्हणून टायरची हवा कमी न करता गाडी पळवली की टायर फाटतो. हवा २६-२८ पीएसआयवर आणायला दहा मिनिटं पुरतात. तेवढाही धीर नसेल तर या रस्त्याला लागू नये.

शिवाय दुपारचं उड्डाण मुळातच कमी प्रतीचं. घुमटांच्या ज्या थरांत ओलावा टिकतो त्यांवर सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्म जीवांचा करडा थर चढतो; कोरड्या थरांत लोहाचा केशरी रंग उघडा राहतो. सकाळच्या तिरक्या उन्हात हे पट्टे आणि घुमटांमधल्या घळी सुट्या सुट्या दिसतात. ऊन डोक्यावर आलं की सावल्या जातात, तापलेल्या हवेने हेलिकॉप्टर हिंदकळतं आणि पोटात ढवळतं. म्हणून पहिल्या दिवशी फक्त उद्यानातल्या वालार्डी कॅम्पला तंबू ठोका, लवकर झोपा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं उड्डाण घ्या.

दुसरी चूक वजनाची. इथे बहुधा रॉबिन्सन आर-४४ उडतं. त्यात पायलट सोडून तीनच जागा, त्यामुळे चौघांचं कुटुंब एका फेरीत मावत नाही. हे बुकिंगच्या वेळीच लक्षात घ्या. माणसं आणि इंधन मिळून फार तर साडेचारशे किलो उचलता येतात. हवा गरम असली की ती विरळ होते आणि पंख्यांची उचल आणखी घटते.

आता नेहमी घडणारा प्रकार बघा. तीन मित्र बुकिंग करताना प्रत्येकी ८० किलो सांगतात. धावपट्टीवरच्या काट्यावर बूट आणि कॅमेऱ्यासकट भरतात ९४, ९८, १०१. म्हणजे ५३ किलो जास्त, आणि इंधन आधीच्या आकड्यांवर भरून झालेलं. मग एकाला खाली थांबावं लागतं किंवा फेऱ्या पाडाव्या लागतात, आणि मागच्या कुटुंबाचं कोवळं ऊन वाया जातं. पायलटशी हुज्जत घालून काही होत नाही, घालूही नये. वजन चारचौघांत सांगायचा संकोच समजू शकतो, पण हा आकडा सगळ्यांच्या जिवाचा आहे. घरून निघण्याआधी बूट, जॅकेट, कॅमेऱ्यासकट काट्यावर उभं राहा, त्यात दोन किलो मिळवा आणि तोच आकडा कळवा.

दारं काढून उडतात, तेव्हा टोपी, ओढणी, लेन्सचं झाकण, खिशातला सुटा फोन यांपैकी काहीच नको. बाहेर उडालेली वस्तू शेपटीच्या पंख्यात जाऊ शकते. केस घट्ट बांधा.

हेलिकॉप्टरजवळ पायलटने खूण केल्यावरच, समोरून किंवा बाजूने, वाकून जा. शेपटीकडे कधीही जायचं नाही.

कॅमेऱ्याचा शटर वेग १/१००० किंवा त्याहून जास्त ठेवा. कोपर चौकटीला टेकवलं तर सगळी थरथर फोटोत उतरते. लेन्स हवेच्या झोतात बाहेर काढू नका आणि वर गेल्यावर बदलूही नका.

नॉर्दर्न टेरिटरीतून येताना घड्याळ दीड तास मागे घ्या. वेळेसाठी रेंज नसलेल्या फोनवर विसंबू नका.

उद्यानात पेट्रोल-डिझेल मिळत नाही. हायवेवरच्या वॉर्मन किंवा हॉल्स क्रीकला टाकी भरा.

भारतातून येणाऱ्यांनी दिवाळी किंवा नाताळची सुट्टी धरू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊन ४० अंशांपुढे जातं आणि नाताळात पावसामुळे उद्यान बंद असतं. मुलांची मे महिन्याची सुट्टी मात्र कोरड्या हंगामात नेमकी बसते.

भाड्याची साधी कॅम्परव्हॅन असेल तर ट्रॅकवर घालूच नका. कच्च्या रस्त्यावर विमा बहुधा लागू राहत नाही. त्यापेक्षा कुनुनुराहून छोट्या विमानाने घुमटांवरून चक्कर मारा, आणि त्यातही खिडकीची जागा आहे ना, हे आधी विचारून घ्या.